गाडीच्या वाट्याचं पाणी

माझ्या लग्नात बाबांना मानपान नको होता, आहेर तर नकोच होता. त्यांना मला सासरी पोचवायला स्वतः जायचं होतं, एवढीच त्यांची हौस. पण आमच्याकडे मुलीचा बाप पाठवणीला जात नाही. मामा जातो, भाऊ जातो, पाठराखीण म्हणून एखादी आत्या जाते, शेजारचा रिकामटेकडासुद्धा नवे कपडे घालून जातो. बाप मात्र मांडवाच्या खांबाला धरून उभा राहतो आणि लोक त्याला म्हणतात, चला, आता जेवून घ्या. लेकीच्या घरी जायचं ते नातवंड झाल्यावर, आणि तोवर तिथलं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तो मोडणारा माणूस पांढुर्ण्यात तरी माझ्या पाहण्यात नव्हता.

बाबांनी त्यातून पळवाट काढली.

"बाप जात नसते, कबूल," ते आईला म्हणाले. "डायवर तं जाते ना? मी डायवर म्हनून जातो."

आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "मंग डायवरसारखं बाहेरच बसा लागीन. घरात पाय नाई टाकायचा."

"नाई टाकत."

"अन् पानी?"

"डायवरले तहान नसते," बाबा म्हणाले.

घरी गाडी होती म्हणून हे बोलणं तरी शक्य होतं. माझ्या जन्माच्याही आधी बाबांनी ती सौंसरकडच्या मँगनीजच्या खाणीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. साहेब विलायतेला परत गेला, गाडी इथंच राहिली. शेवाळी रंगाची, गोल डोळ्यांची, पुढच्या जाळीमुळे सदा दात विचकल्यासारखी दिसणारी. बाबांची संत्र्यांची अडत होती आणि हंगामात बागा पाहायला ते त्याच गाडीतून जात. तिचा दुसरा गिअर शिवी दिल्याशिवाय पडत नसे, आणि कोणती शिवी ते फक्त बाबांना माहीत होतं. म्हणजे गाडी गेली तर तिच्याबरोबर बाबांना जावंच लागणार, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की गाडी जाईल का.

कारण तिला एक खोड होती. धावली की थंड, थांबली की गरम. रेडिएटरमागचा पत्र्याचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही पेंगायला लागायचा. आणि वरातीत तर गाडीला बँडच्या मागे, वैशाखाच्या उन्हात, मुंगीच्या पावलानं चालावं लागतं. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात ऐन वरातीत रेडिएटरचं झाकण उडालं आणि नवरदेव वाफेच्या ढगातून खोकत बाहेर आला. पुढची वाट त्यानं ओल्या बाशिंगानं पायी काढली. त्यानंतर गल्लीतल्या लग्नांची निमंत्रणं आम्हाला यायची, पण गाडी मागायला कोणी यायचं नाही.

माझा मामा, म्हणजे आईचा भाऊ, सरकारी कचेरीत होता आणि घरातही कचेरीसारखंच बोलत असे. त्यानं जीप आधीच सांगून ठेवली होती.

"मुद्दा असा हाये भाऊजी," तो बाबांना म्हणाला, "का जीप डायवरसकट येते. तुमची गरज नाई."

"माह्या पोरीले मी माह्या गाडीत नेतो, तुले काय तरास हाये?"

"नदीपार पोरगी नेनाऱ्याले आपल्या गावात दगड खा लागतात, माहीत हाये ना?"

जांब नदीच्या पलीकडे सावरगाव, अलीकडे आम्ही, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीची कथाच नदीपार पळवून नेलेल्या पोरीची आहे. तेव्हा मामाचं बोलणं अगदीच बाष्कळ नव्हतं. पण बाबा म्हणाले, "ते पळवून नेनाऱ्याले. मी तं बाप हावो."

"म्हनूनच तं," मामा म्हणाला. "दगड नाई पडनार. लोकं बोलतीन, ते दगडाहून भारी." मग त्याला बहुधा दया आली असावी. "बरं, असं करा. गाडी अंगनात उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून दाखवा. नाई तापली, तं तीच गाडी वरातीत, तीच पाठवनीले. तापली तं जीप. मंजूर?"

"मंजूर," बाबा म्हणाले, आणि त्या क्षणापासून लग्नाची बाकी सगळी कामं आईवर येऊन पडली.

त्या सुमाराला नव्या छोट्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. नागपूरचा एक व्यापारी तसली गाडी घेऊन बाबांच्या अडतीवर आला. गाडी बंद करून, किल्ली खिशात टाकून तो उतरला, तरी बोनेटच्या आत काहीतरी घरघरत होतं. बाबांनी बोनेट उघडायला लावलं. व्यापाऱ्याला वाटलं सौदा फिसकटला. घरी आल्यावर बाबांनी तो चमत्कार आईला सांगितला.

"इंजिन बंद. मालक चहा पिऊन राहिला. अन् पंखा आपला फिरूनच राहिला. बॅटरीवर चालते तो. इंजिनची वाटच पाहात नाई, सोताच्या मतानं फिरते."

"आपल्या घरात सोताच्या मतानं फिरनारे काय कमी हायेत?" आई म्हणाली.

बाबांनी नागपूरच्या भंगार बाजारात जाऊन तसला पंखा मिळवला आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन आणला. काळा, प्लास्टिकचा, परातीएवढा. त्याच दिवशी त्यांना माझ्या शालूचा ब्लाउज शिंप्याकडून आणायचा होता. तो त्यांनी आणला नाही, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

पंखा बसवायला बसस्टँडजवळचा मिस्त्री आला. हा माणूस हिवाळ्यात शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचा आणि उन्हाळ्यात कूलर. दिवस वैशाखाचे होते, त्यामुळे त्याच्या डोक्यात कूलरच होते. त्यानं आधी जुना पत्र्याचा पंखा काढून टाकला. "एका म्यानात दोन तलवारी कायले?" लोखंडी पट्ट्या ठोकून नवा पंखा रेडिएटरच्या मागे बसवला. बटण ठेवलं नाही. "बटन ठेवलं तं एखाद्या दिवशी लावाचं भुलान तुमी," असं म्हणून त्यानं वायर सरळ किल्लीलाच जोडली. किल्ली फिरवली की पंखा सुरू, बंद करायची सोयच नाही. बाबांना ही युक्ती फार आवडली.

किल्ली फिरवली. पंखा झक्क फिरायला लागला. बाबा गाडीच्या समोर गेले आणि जाळीपुढे हात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला.

"हवा नाई येऊन राहिली."

मिस्त्रीनं खांद्यावरचा दुपट्टा जाळीपुढे धरला. दुपट्टा जाळीला जाऊन चिकटला. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले.

"ओढून राहिला हा," मिस्त्री म्हणाला. "फेकत नाई. कूलरमदी असा पंखा लावला असता तं गिऱ्हाईकानं मले मारलं असतं."

त्यानं पंख्याच्या दोन वायरी सोडवल्या, इकडची तिकडे आणि तिकडची इकडे जोडली आणि पुन्हा किल्ली फिरवायला सांगितलं. या वेळी जाळीतून असा झोत आला की आतली वर्षानुवर्षांची धूळ, कडुलिंबाची वाळकी पानं आणि एका चिमणीच्या घरट्याच्या काड्या बाबांच्या अंगावर आल्या. बाबांचे केस मागे उडाले. ते डोळे मिटून झोतात उभे राहिले आणि म्हणाले, "आता कसं."

रेडिएटरच्या पंख्यानं समोरची गार हवा आत ओढायची असते, इंजिनची गरम हवा समोरच्यावर फेकायची नसते, हे आता मी कोणालाही समजावून सांगू शकते. पण आमच्याकडे पंखा हा माणसासाठी असतो आणि हवा अंगावर आली तरच तो चालू आहे असं म्हणतात. हवा घेऊन जाणारा पंखा, तोही वैशाखात, असं पांढुर्ण्यात कोणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला सावलीत बसवून कांदा हुंगायला दिला असता. मिस्त्रीला हसण्यात अर्थ नाही. मीसुद्धा त्या दिवशी जाळीपुढे जाऊन उभी राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा परीक्षा घ्यायला आला. गाडी अंगणात उभी, इंजिन चालू, इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर बाबांचे डोळे. मामानं खुर्ची मागवली आणि जाळीच्या बरोबर समोर मांडली, कारण तपासणी समोरूनच करायची असते. नेहमीप्रमाणे वीज गेलेली होती. थोड्या वेळानं शेजारच्या काकूंनी आपली बाज आणून मामाच्या बाजूला टाकली. मग आणखी दोन बाजा आल्या. कोणी नातवाला कडेवर घेऊन आलं, कोणी भाजी निवडायला घेऊन आलं. हवा गरम होती आणि तिला पेट्रोलचा वास होता, पण वैशाखात हवा गरमच असते, तेव्हा तक्रार कोणी केली नाही. आईनं माझ्या रुखवतातले पापड परातीत घालून जाळीपुढे ठेवले. ते बघता बघता कडकडीत वाळले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आईनं पंख्याबद्दल चांगला शब्द काढला.

काटा मध्यावरच राहिला. उलटी का होईना, हवा रेडिएटरमधून जात होती, आणि उभ्या गाडीला समोरून अडवणारा वारा नव्हता. मामाला खुर्चीत डुलकी लागली होती. जागा झाल्यावर त्यानं काटा पाहिला, झाकणाला हात लावून पाहिला आणि "पास" म्हणाला. बाबांनी त्याला अंगणातच मिठी मारली. मी खिडकीतून पाहत होते. मला हसू आलं, आणि हा माणूस आपल्यासाठी एवढा वेडा झाला आहे हे मला तेव्हा नीट कळलं.

लग्नाच्या दिवशी जानोशापासून मांडवापर्यंत नवरदेव आमच्याच गाडीत आले. नवरदेव म्हणजे आमचे हे. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. वरात मी पाहिली नाही, पण त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की पाहिल्यासारखीच आहे. गाडीच्या पुढे बँड. जाळीतून निघणारा झोत बरोबर बँडच्या शेवटच्या रांगेच्या पाठीवर. मोठा ढोल वाजवणारा आधी मागे वळून पाहायला लागला, मग भरभर चालायला लागला. तो भरभर, म्हणून त्याच्या पुढचे भरभर. वरातीत अंतर पडायला नको म्हणून बाबांनीही गाडी जरा दामटली. मग बँड जवळजवळ पळायलाच लागला. नाचणाऱ्यांना नाचायला कुठं थांबताच येईना. आमच्या गावात मुहूर्ताच्या आधी मांडवात पोचलेली तेवढी एकच वरात. मी तोवर एका हातातच चुडा भरून बसले होते.

"बोनेटवरच्या हाराची फुलं सुटून पुढे उडत होती," हे सांगतात. "गाडी पुढं चालली, अन् फुलं तिच्याही पुढं. मले तिथंच समजलं का पंखा उलटा हाये. पन बाशिंग बांधलेल्या मानसानं बोनेट उघडाचं नसते."

लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. आई माझ्या गळ्यात पडून दोघांच्या वाटचं रडली. बाबा कुठं दिसेनात. पाहते तर गाडीचं बोनेट उघडं आणि ते कमरेपर्यंत आत वाकलेले. पाण्याची पातळी पाहत होते म्हणे. मी तिथं जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बोनेटच्या आतून आवाज आला, "सुखी राहा." पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. पाय दिसले, धोतर दिसलं, चेहरा दिसला नाही. माझ्या अंगाची लाही झाली. मला न्यायचं म्हणून महिनाभर घर डोक्यावर घेणारा बाप, आणि निघताना एकदा माझ्याकडे पाहत नाही.

आम्ही निघालो. पुढे बाबा आणि मामा, मागे मी आणि हे, डिकीत माझं आंदण. गाव मागे पडलं, बाबांनी शिवी देऊन दुसरा गिअर टाकला, नवा जावई गाडीत आहे हे आठवून जीभ चावली, आणि गाडीनं वेग घेतला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. समोरून वारा आत यायला बघतोय, आतून पंखा त्याला बाहेर ढकलतोय. दोघांची कुस्ती बरोबरीत सुटली आणि रेडिएटरमधून हवाच जाईना. जी गाडी आयुष्यभर धावताना थंड राहिली होती, ती धावताना तापायला लागली.

पहिल्यांदा थांबलो तेव्हा उभ्या उभ्या काटा खाली आला. बाबा खूश. "पाहा, आपोआप उतरला. पंखा भारी हाये." पाणी हवं होतं, म्हणून डिकीतून माझ्या आंदणातली पितळी घागर निघाली आणि मामा ती घेऊन कोणाच्या तरी विहिरीवर गेला. निघालो, पुन्हा काटा वर. थांबलो, काटा खाली. प्रत्येक गावाला त्या घागरीला एक पोचा पडत होता. तिसऱ्या खेपेला ह्यांना राहवलं नाही.

"बाबूजी, मले वाटते पंख्याची हवा..."

"हवा मस्त येऊन राहिली, जवाईबुवा," बाबा म्हणाले. "तुमी बसा निवांत."

मामानं मागे वळून ह्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाशिंगाचे दोरे सुटायच्या आत सासऱ्याच्या वस्तूला नाव ठेवणारा जावई त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. हे खिडकीकडे वळले. मला सगळ्यांचाच राग येत होता. बाबांचा, पंख्याचा, आणि जो माणूस शाळेत पोरांना हवा-पाण्याचे धडे देतो आणि इथं खिडकीबाहेर बघत बसतो त्याचा तर सर्वांत जास्त.

मोहगावच्या फाट्याजवळ झाकणातून वाफ निघायला लागली. मामा खाली उतरला.

"झालं भाऊजी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आता बस येईन. मी पोरीले अन् जवाईबुवाले बसमदी बसवतो, मी संग जातो. तुमी गाडी थंडी करून वापस पांढुर्ण्याले जा. शब्द हाये तुमचा."

शब्द खरंच होता. बाबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, जिकडून बस येणार होती, आणि म्हणाले, "बस येऊस्तोर पानी तं टाकतो." हातपंप जरा मागे राहून गेला होता. त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि मागे नेली. हातपंप आला, पण बाबा थांबले नाहीत. ते काट्याकडे पाहत होते. काटा उतरत होता.

त्यांनी गाडी पुढे घेतली. काटा वर. मागे घेतली. काटा खाली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हातपंपावर कपडे धूत असलेल्या बाया हात थांबवून आमच्याकडे पाहायला लागल्या. नवरानवरी बसलेली गाडी रस्त्याच्या मधोमध झोका खात होती.

"समजलं," बाबा म्हणाले. "हिले उलटं जायचं हाये."

मामा धावत आला. "भाऊजी, पोरीले उलटी नेता का सासरी? लोकं काय म्हनतीन? उलटी नेली पोरगी उलटीच वापस येते."

"येऊ दे," बाबा म्हणाले. "घर हाये तिचं."

मामा जरा वेळ रस्त्यात उभा राहिला. बस लांबून दिसत होती. मग त्यानं ती जाऊ दिली आणि गाडीत येऊन बसला.

उरलेला रस्ता आम्ही उलटे गेलो. पाणी भरून, कडेकडेनं, उतरतं ऊन तिरपं येत असताना. मागून येणारी एक बैलगाडी आमच्या तोंडाला तोंड देऊन चालली होती, आणि बैल आमच्या दात विचकलेल्या जाळीकडे पाहून बुजत होते. मामा समोर पाहून गाडीवानाला हातानं खुणा करत होता. आणि बाबांनी उजव्या हातानं स्टिअरिंग धरून, डावा हात सीटच्या पाठीवर टाकून, अंग पूर्ण मागे वळवलं होतं. मागच्या काचेतून रस्ता पाहायचा म्हणून.

त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. दिवसभरात पहिल्यांदा मी तो पाहिला. डोळे लाल होते, सुजलेले होते. बोनेटखाली त्यांनी काय केलं होतं ते मला तेव्हा समजलं. रस्ता माझ्या डोक्यामागे होता, त्यामुळे ते माझ्याकडे पाहत होते असं कोणाला म्हणता आलं नसतं, आणि पाहत नव्हते असंही नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही हात अडकलेले. मी शालूच्या पदरानं ते पुसत राहिले, नाहीतर त्यांना रस्ता दिसला नसता. मामा समोरच पाहत होता आणि हे खिडकीबाहेर. मघाशी त्यांच्या खिडकीबाहेर पाहण्याचा मला आलेला राग तिथं संपला.

सौंसरला आमच्या गल्लीत गाडी आधी डिकी, मग मी, आणि शेवटी बोनेट अशी शिरली. सासूबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या गाडीच्या एका बाजूनं गेल्या, दुसऱ्या बाजूनं आल्या.

"इवाईबुवा, ओवाळू कोनीकडून?"

"तुमाले बरं वाटन तिकडून," बाबा म्हणाले. "मी डायवर हावो."

सासूबाईंनी मला उतरवलं, ओवाळलं, उंबऱ्यावरचं माप ओलांडायला लावलं. बाबा गाडीशीच उभे राहिले. सासूबाई त्यांना आत बोलवायला गेल्या नाहीत, नियम त्यांनाही ठाऊक होता. पण उन्हानं काळवंडलेला, ओठ सुकलेला माणूस त्यांना दिसत होताच. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. बाबांनी हात जोडले.

"लेकीच्या घरचं पानी चालत नाई."

"मले माहीत हाये. गाडीले चालते ना?"

बाबांनी विचार केला. मामाकडे पाहिलं. मामानं कचेरीतल्यासारखा बराच वेळ घेतला आणि म्हणाला, "गाडीले नातं नसते."

सासूबाईंनी बादली भरून आणली. बाबांनी रेडिएटर काठोकाठ भरला. बादलीत तळाशी पाणी उरलं. ते गाडीचं पाणी होतं, घराचं नव्हतं. बाबांनी बादली दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. सदऱ्यावर ओघळलं ते तसंच राहू दिलं. मामा तेव्हा आभाळाकडे पाहत होता.

त्यानंतर बाबांची संत्र्यांची कामं सौंसरकडे फार निघायला लागली. पांढुर्ण्याहून ते गाडी उलटी नाही, सरळच आणत, वाटेत थांबत थांबत, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी हमखास वाफ सोडायची. मी बादली घेऊन जायची. ते रेडिएटर भरायचे, उरलेलं प्यायचे, गाडी थंड होईपर्यंत बोनेटला टेकून माझ्याशी बोलायचे. गाडी थंड व्हायला वेळ लागायचा. सासूबाई दारातून म्हणायच्या, "हो हो, घाई नोका करू, इंजिन फुटन."

एकदा बाबा वाण्याकडे गेले असताना ह्यांनी गुपचूप बोनेट उघडलं आणि पंख्याच्या दोन वायरी बदलल्या. मला सांगितलंही नाही. जावयाकडून एवढं तरी व्हावं, असं त्यांना वाटलं असेल.

पुढच्या वेळी बाबा आले तेव्हा मी बादली घेऊन धावत गेले. गाडी थंड होती. एवढ्या रस्त्यात एकदाही तापली नाही, असं बाबा म्हणाले, पण आनंदानं म्हणाले नाहीत. काट्यावर टिचकी मारून पाहिली. रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी काठोकाठ होतं. भरलेली बादली माझ्या हातात आणि ती ओतायला जागा नाही. लोक येत-जात होते. मग ते म्हणाले, "बरी हायेस ना?" मी हो म्हटलं. ते गाडीत बसले आणि गेले. ह्यांनी केलं काय ते मला रात्री जेवताना समजलं आणि मी त्यांना ताटावरच नको नको ते बोलले. ते आपले समजावत राहिले की पंखा आता बरोबर फिरतो.

त्याच्या पुढच्या खेपेला गाडी गल्लीच्या तोंडाशी आली ती वाफेच्या ढगातच. बाबा खोकत उतरले आणि म्हणाले, "काय झालं हिले, काही समजत नाई." हे घरी होते. ते बाहेर गेले, बोनेट वर केलं आणि आत वाकून पाहिलं. पंख्याच्या दोन्ही वायरी पुन्हा इकडची तिकडे होत्या, आणि वर नवी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली होती.

ह्यांनी बोनेट हळूच खाली केलं. बाबा त्यांच्याकडे पाहत होते.

"काही नाई बाबूजी, जुनी गाडी हाये, तापनारच," हे म्हणाले, आणि दाराकडे वळून मला सांगितलं, "गाडीले पानी आन. मोठी बादली आन."